टेबलटॉप रोलप्लेइंग गेममधली जादू आणि मानसिक शक्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली आठ वर्षं दर रविवारी संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर चार खेळाडू आणि गेम मास्टर (जीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी) म्हणून मी, असे पाच जण बसतो. प्रत्येक खेळाडू गोष्टीतलं एक पात्र (कॅरेक्टर) होऊन खेळतो आणि त्याला काय जमलं ते फासे ठरवतात. खेळ मराठीत चालतो, नियम निम्मे छापील आणि निम्मे आमचे. जे नवीन जीएम स्वतःची जादू किंवा मनाच्या शक्ती (मन वाचणं वगैरे) लिहायला बसतात, त्यांचे प्रश्न बहुतेक वेळा सारखेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत.

जादू आणि मानसिक शक्ती वेगवेगळ्या ठेवायलाच हव्यात का?

नाही. पण दोन्ही ठेवणार असाल, तर खेळाडूच्या हाताला त्या वेगळ्या लागल्या पाहिजेत. फायरबॉल या आगीच्या गोळ्याच्या मंत्राला "मनोग्नी" म्हटलं, बाकी फासे तेच, नुकसान तेच, तर कागद वाया गेला.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा या प्रकारातला गाजलेला खेळ १९७४ मध्ये आला आणि १९७६ च्या पुरवणीत मानसिक शक्ती आल्या. हा खेळ तेव्हापासून या प्रश्नाशी झटतो आहे. दर आवृत्तीत उत्तर बदललं. मला पटलेलं उत्तर त्याच खेळाच्या १९९१ च्या डार्क सन या काल्पनिक जगात मिळालं. तिथली जादू झाडाझुडपांचा जीव शोषून घेते, म्हणून अख्खं जग वाळवंट झालंय आणि जादूगाराला लोक दगड मारतात. मनाच्या शक्ती मात्र थोड्याफार प्रत्येकाकडे आहेत, त्यांचं कुणाला काही वाटत नाही. म्हणजे फरक त्या समाजात दिसतो: एक गोष्ट लपवायची, दुसरी बाजारात उघड वापरायची.

माझ्या टेबलावर मी एक सोपी रेघ ओढते. जादू दिसते आणि ऐकू येते: मंत्र म्हणावा लागतो, हात हलतात, सामान लागतं. मनाची शक्ती कुणाला दिसत नाही, पण ती वापरणाऱ्याच्या अंगावर उमटते: नाकातून रक्त, डोकेदुखी, झोप उडणं. त्यामुळे दरबारात जादूगार गप्प बसतो आणि मनकवडा काम करतो, तर रणांगणावर उलटं होतं. दोघांनाही आपापली जागा मिळते.

सुरुवात शक्तींच्या यादीपासून करू की नियमांपासून?

दोन्ही थोडं बाजूला ठेवा. आधी वहीत लिहा: या जगातली जादू काय करूच शकत नाही? मेलेला परत येतो का? भविष्य नक्की कळतं का? क्षणात शंभर कोस जाता येतं का? या तिन्हींना "हो" म्हटलंत, तर खुनाचा तपास, शकुन आणि प्रवास अशा तीन प्रकारच्या गोष्टी तुमच्या हातून गेल्या. त्या नको असतील तर बिनधास्त "हो" म्हणा. पण ठरवून म्हणा.

महाभारतात याचे फार सुंदर नमुने आहेत. कर्णाकडे इंद्राने दिलेली वासवी शक्ती होती, एकदाच वापरता येणारी. त्याने ती अर्जुनासाठी राखून ठेवली होती. कृष्णाने घटोत्कचाला पुढे केलं, रात्रीच्या युद्धात कौरवसेना कापली जाऊ लागली आणि कर्णाला ती शक्ती तिथेच खर्च करावी लागली. "एकदाच" या एका शब्दामुळे युद्धाचे कितीतरी दिवस त्या अस्त्राच्या धाकात गेले. खेळाडूला अशी एकदाच वापरायची गोष्ट देऊन बघा. तो ती वापरणार नाही, पण दर सेशनला कागदावर तिच्या नावाकडे बघेल. मग जीएम म्हणून तुमचं काम कृष्णासारखं: ती खर्च करावीच लागेल असा प्रसंग उभा करायचा.

दुसरा नमुना अश्वत्थाम्याचा. त्याने आणि अर्जुनाने समोरासमोर एकच अस्त्र सोडलं. मागे घ्या, असं ऋषींनी सांगितल्यावर अर्जुनाला ते जमलं, अश्वत्थाम्याला नाही. दोघांची ताकद सारखी, फरक ताब्यात. आमच्या नियमांत "शक्ती" आणि "ताबा" हे दोन वेगळे आकडे आहेत ते यामुळेच.

किंमत कशी लावायची? स्लॉट, पॉइंट की आणखी काही?

मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

स्लॉट म्हणजे मंत्र म्हणण्याच्या मोजक्या, ठरलेल्या संधी. ही पद्धत डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या कर्त्यांनी जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांवरून घेतली: मंत्र पाठ करायचा, म्हटला की तो डोक्यातून निघून जातो. पाचव्या आवृत्तीत (२०१४) हे बरंच सैल झालं, तरी गाभा तोच आहे. पाचव्या लेव्हलच्या (अनुभवाच्या पाचव्या पायरीवरच्या) विझर्डला, म्हणजे जादूगाराला, पहिल्या पातळीचे ४, दुसऱ्या पातळीचे ३ आणि तिसऱ्या पातळीचे २ स्लॉट मिळतात. तिसऱ्या पातळीचा फायरबॉल आठ सहा-बाजू फासे नुकसान करतो, सरासरी २८. तो या दोन स्लॉटवर दोनदाच. लहान स्लॉट कितीही उरले तरी त्यांतून तिसरा फायरबॉल निघत नाही, आणि पद्धतीचं बळ नेमकं इथेच आहे.

पॉइंटची पद्धत मोकळी वाटते. एक साठा असतो, हवा तसा खर्च करा. मानसिक शक्तींना बहुधा हीच दिली जाते. पण तिची खोड अशी की खेळाडू पहिल्याच लढाईत सगळा साठा ओततो आणि मग "आता झोपूया" म्हणतो. म्हणून तिसऱ्या आवृत्तीच्या काळात एक मर्यादा घातली गेली: एका शक्तीवर आपल्या लेव्हलपेक्षा जास्त पॉइंट टाकता येत नाहीत. तुम्ही पॉइंट वापरणार असाल, तर ही मर्यादा विसरू नका.

तिसरी वाट जोखमीची. माझी आवड हीच. आमचा जादूचा नियम असा आहे: मंत्र म्हणताना एक ते चार फासे उचला, कितीही, तुमच्या मनावर. बेरीज मंत्राच्या अवघडपणाइतकी किंवा जास्त आली तर मंत्र लागू. पण दोन फाशांवर एकच आकडा आला, तर मंत्र लागो न लागो, काहीतरी उलटतं. सहा बाजूंच्या फाशांनी दोन उचलले तर उलटण्याची शक्यता १७ टक्के, तीन उचलले तर ४४, चार उचलले तर ७२. दहा बाजूंचे फासे घेतले तर हेच आकडे १०, २८ आणि जवळजवळ ५० होतात. भयकथा चालवताना मी सहा बाजूंचे काढते, साहसकथेला दहा बाजूंचे. बेरजा मोठ्या येतात, म्हणून अवघडपणाचे आकडे तेवढे वाढवते. बाकी नियमाचा एक शब्दही बदलावा लागत नाही.

यात खेळाडूचा हात फाशांच्या वाटीवर थांबतो. तिसरा उचलू की नको? टेबलावरचे सगळे त्या हाताकडे बघत असतात. स्लॉट पुसताना असं कुणी बघत नाही.

आमच्यात एक मनकवडा आहे. तो प्रत्येक रहस्य पहिल्या दहा मिनिटांत फोडतो. काय करू?

हे माझ्या बाबतीत झालंय. वाड्यातल्या खुनाची गोष्ट मी तीन आठवडे रचली होती. संशयित पाच, वाड्याचा नकाशा हाताने काढलेला, माजघर, परसदार, बळद सगळं. माझा खेळाडू ओसरीवर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "मी दिवाणजींचं मन वाचतो." फासा पडला, सतरा. मला खरं सांगावं लागलं. पावणेसात वाजता सुरू झालेली गोष्ट सात वाजता संपली. खेळाडूची काही चूक नव्हती. मी त्याला ती शक्ती दिली होती आणि तिच्याबद्दल विचार केला नव्हता.

मोह होतो तो प्रत्येक खलनायकाला मन झाकणारी अंगठी द्यायचा. तसं करू नका. खेळाडूने आवडीने घेतलेली शक्ती तुम्ही दर वेळी बंद पाडली, तर त्याला ती दिलीच कशाला?

त्याऐवजी मनात काय सापडतं ते बदला. माणसाच्या मनात वाक्यं तयार नसतात. आत्ता दिवाणजी काय विचार करतोय? गुडघा दुखतोय, पाहुणे कधी जातील, आणि मध्येच ओल्या मातीचा वास. "खून मी केला" असं मनात घोळवत कुणी बसत नाही. आता मी मन वाचणाऱ्याला एक वास, एक चित्र आणि एक भावना देते, कधीही वाक्य देत नाही. अपराधी वाटणारा माणूस खुनी असेलच असं नाही. ज्याच्या मनात काहीच सल नाही, तो कधीकधी जास्त भयंकर असतो.

छापील नियमांतही शिकण्यासारखं आहे. पाचव्या आवृत्तीत विचार वाचण्याच्या मंत्राला ३० फुटांची मर्यादा आहे, आधी फक्त वरवरचे विचार कळतात, आणि खोल शिरायचा प्रयत्न केला की समोरच्याला ते समजतं. दोन फूट दगड किंवा शिशाचा पातळ पत्राही तो अडवतो. शिशाचा पत्रा ही बारीकशी गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यातून अख्खा प्रसंग उभा राहतो: या सावकाराच्या पागोट्याच्या आत शिसं का शिवलंय?

मन वाचायला फाशांऐवजी वेगळं काही वापरता येईल?

आम्ही पत्ते वापरतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी परचित्तज्ञानाच्या चाचण्यांसाठी झेनर पत्ते वापरले. वर्तुळ, अधिकचं चिन्ह, लाटा, चौकोन, चांदणी अशी पाच चिन्हं, प्रत्येकाचे पाच, एकूण २५ पत्ते. त्या संशोधनाचे निकाल पुढे विज्ञानात टिकले नाहीत, पण पत्ते खेळासाठी झकास आहेत. घरी पुठ्ठ्यावर करता येतात.

जीएम एक पत्ता काढून पालथा धरतो, खेळाडू चिन्ह ओळखतो. नुसता अंदाज पाचात एक. एक पॉइंट खर्च केला की जीएम एक चुकीचं चिन्ह बाद करतो, म्हणजे चारात एक. दोन पॉइंटना तिनात एक, तीन पॉइंटना दोनात एक, चार पॉइंटना खात्री. चुकलं तर समोरच्याच्या मानेवर काटा येतो, कुणीतरी आत डोकावलंय हे त्याला कळतं. हे करताना खेळाडू तुमच्या डोळ्यांत बघतो. बघू द्या.

दुसऱ्या खेळाडूच्या कॅरेक्टरच्या मनाचा ताबा घेता येतो का?

आमच्याकडे, त्या खेळाडूने आधी "चालेल" म्हटल्याशिवाय नाही. तलवारीने जखमी झालेला खेळाडू अजून खेळतोय. ताबा गेलेला खेळाडू नुसता बघत बसतो. एका फाशाने कुणाचा रविवार हिरावून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

चालत असेल तेव्हा ताबा घ्या, पण कॅरेक्टर त्याच्याच हातात ठेवा. कानात सांगा: "तुला आता वाटतंय की दार उघडायलाच हवं. का वाटतंय ते तू ठरव." बहुतेक जण जीएमपेक्षा जास्त रंगवून खेळतात. शिवाय टेबलाच्या मधोमध एक कार्ड ठेवा. नको वाटलं की कुणीही त्याला बोट लावायचं, कारण न विचारता प्रसंग तिथेच सोडायचा. जॉन स्टॅव्हरोपोलस यांच्या एक्स-कार्डमुळे ही पद्धत जगभर रुळली. मनाशी खेळणाऱ्या शक्ती ठेवणार असाल तर ते कार्ड हवंच.

शक्ती नशिबावर द्यावी का? फासा टाकायचा, लागली तर लागली?

१९७८ च्या अॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये तसंच होतं. बुद्धी, प्रज्ञा किंवा व्यक्तिमत्त्व यांपैकी एक तरी आकडा १६ किंवा जास्त असला, तर टक्क्यांचा फासा टाकायचा. शक्यता अगदी थोडी. लागली तर इतरांच्या साध्या कॅरेक्टरशेजारी एकाला फुकटात मोठं घबाड मिळायचं. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि न लागलेल्यांनाही तसंच वाटत असणार.

१९७७ च्या ट्रॅव्हलर या खेळात मात्र नशीब छान वापरलंय. मानसिक बळासाठी दोन फासे टाकायचे आणि कॅरेक्टरने नोकरीत घालवलेल्या प्रत्येक कालखंडामागे एक वजा करायचा. म्हणजे अनुभवी, कौशल्यं शिकलेल्या माणसाकडे हे बळ कमी उरतं आणि कोवळ्या पोराकडे जास्त. तिथे नशिबासोबत निवडही आहे.

जादू अडवणारं कवच मनाची शक्ती अडवतं का?

पहिल्या सेशनच्या आधी ठरवा आणि सगळ्यांना सांगा. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीत मूळ नियम "हो, अडवतं" असा होता, वेगळं ठेवायचं असेल तर पर्यायी नियम दिलेला. "नाही" म्हणणार असाल, तर मनाच्या शक्तीसाठी स्वतंत्र ढाल लिहा, नाहीतर दुसऱ्याच महिन्यात पार्टीतले (खेळाडूंच्या टोळीतले) सगळे मनकवडे होतील.

ठरलेले मंत्र द्यावेत की खेळाडूला जागेवर जादू रचू द्यावी?

नवीन खेळाडूला ठरलेले द्या. मुरलेल्यांना रचू द्या. आर्स मॅजिका (१९८७) या खेळात ५ क्रिया आणि १० विषय आहेत: घडवणं, जाणणं, बदलणं, नष्ट करणं, ताबा ठेवणं या क्रिया, आणि आग, पाणी, वनस्पती, मन असे विषय. एक क्रिया आणि एक विषय जोडला की जादू, म्हणजे ५० जोड्या. व्याकरणासारखं आहे, क्रियापद आणि कर्म. मराठीत हे इतकं सहज बसतं की आमची शाळकरी भाची अर्ध्या तासात "पाणी + जाणणं" करून विहिरीला विचारत होती, तुझ्यात काय पडलंय.

आपल्याकडच्या सिद्धी, नाथांच्या कथा वापरता येतील का?

जरूर, आणि नुसती नावं उचलू नका, त्यांतली रचना उचला. पतंजलीच्या योगसूत्रांत कैवल्यपादाचं पहिलंच सूत्र सिद्धींचे पाच उगम सांगतं: जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. कॅरेक्टर बनवण्याचं पान तयारच आहे की! जन्माने मिळालेली शक्ती आवरता येत नाही. औषधीची संपते आणि सवय लावते. मंत्राची कुणीही चोरू शकतो. तपाची मोडते, एकदा ताळतंत्र सुटलं की गेली. समाधीची मिळते तेव्हा ती वापरायची इच्छाच उरत नाही. ही कलमं माझी, पाच उगम सूत्रातले. तिथेच विभूतिपादात सिद्धींना समाधीतले अडथळेही म्हटलंय. शक्ती वाढते तसा मूळ हेतू दुरावतो, असा दुसरा मापदंड त्यातून काढता येतो.

फसलेल्या जादूचा माझा आवडता प्रसंग नवनाथ भक्तिसारातला आहे. गोरक्ष संजीवनी मंत्र घोकत बसलाय. पोरं मातीची गाडी घेऊन येतात आणि म्हणतात, गाडीवर बसायला माणूस करून दे. तोंडाने पाठ चालू, हाताने माती चालू, आणि पुतळा जिवंत होतो. पोरं भूत भूत करत पळतात. तोच पुढे गहिनीनाथ. उलटलेल्या मंत्राचे परिणाम लिहिताना मी हा प्रसंग समोर ठेवते. "तुला ६ नुकसान" यापेक्षा "आता तुझ्यासमोर एक मूल रडतंय आणि ते तुझं आहे" हे कितीतरी मोठं आहे.

करणी, भानामती, डाकीण हे वापरलं तर चालेल?

मी जपून वापरते. या शब्दांपायी खऱ्या बायकांना खऱ्या गावांत मार खावा लागलाय. अमुक माणूस करणी करतो असं सांगून त्याला छळणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आमच्या खेळात गाव एखादीला डाकीण म्हणतं तेव्हा ती कधीच डाकीण नसते. खेळाडूंना हे आधी सांगून ठेवलंय आणि त्यामुळे गोष्टीची मजा कमी झालेली नाही. गाव कुणाच्या सांगण्यावरून बोलतंय, हे शोधायला ते निघतात.

शक्तींना मराठी नावं कशी द्यावीत?

मोठ्याने म्हणून बघा. "दूरदर्शन" म्हटलं की बातम्या आठवतात, "दूरदृष्टी" म्हणजे शहाणपण झालं. आम्ही "पल्याड बघणं" म्हणतो. संस्कृत नावं मठातल्या शिकलेल्यांसाठी ठेवली आहेत: परचित्तज्ञान, परकायाप्रवेश. गावातला माणूस त्यालाच "मनात शिरणं" आणि "दुसऱ्याच्या अंगात जाणं" म्हणतो. कोण कुठला शब्द वापरतो यावरून ते कॅरेक्टर कुठून आलंय ते कळतं.

एक शक्ती पूर्ण लिहून दाखवाल का?

आमच्या वहीतली जशीच्या तशी देते.

चकवा. उगम: जन्म किंवा मंत्र. नजरेच्या टप्प्यातल्या एका माणसाची किंवा एकत्र चालणाऱ्या टोळीची वाट गोल फिरते. कितीही चालले तरी ते त्याच झाडापाशी येतात. अवघडपणा ७, टोळी असेल तर १०, फासे सहा बाजूंचे. फक्त उघड्या माळावर किंवा रानात, सूर्य मावळल्यावर. घरात, रस्त्यावर, नदीच्या पात्रात लागत नाही. कुणाला इजा करता येत नाही, दरीकडे वळवता येत नाही. चकवा लावणाऱ्याला उजाडेपर्यंत स्वतःच्या घराची वाट आठवत नाही. उलटला तर दोघांनाही लागतो आणि दोघं त्याच झाडापाशी भेटतात. तोड: चालणं थांबवून खाली बसणं. बसलेल्याला चकवा धरून ठेवत नाही, पण तो तोडगा त्याला आठवायला हवा, त्यासाठी प्रज्ञेचा फासा.

यातलं शेवटून दुसरं कलम, झाडापाशी भेटण्याचं, खेळता खेळता सुचलं. पाठलाग करणारा शिपाई आणि पळणारी चोर मुलगी, दोघांना रात्रभर वाट सापडली नाही. पहाटे दोघं एका शेंदऱ्या दगडाला टेकून भाकरी खात बसले होते. पुढच्या रविवारी तो शिपाई पार्टीत आला.